तुम्ही विचारलंत म्हणून : तिनं त्याला बरोबर का नेलं नाही?

मार्गारिता शिर्गू या स्पॅनिश नटीवरचं माझं अभिवाचन संपतं, सभागृहातले दिवे लागतात, आभार होतात आणि मागच्या कुठल्यातरी रांगेतून तो प्रश्न येतोच. मिरजेत आला, नाशकात आला, ठाण्याच्या एका वाचनालयात तर चहा घेताना तिघांनी वेगवेगळा विचारला. शब्द थोडे इकडेतिकडे, मुद्दा एकच. मार्गारिता शिर्गू एवढी मोठी नटी, लोर्का तिचा इतका जिवाभावाचा लेखक. ती बोटीत बसून निघून गेली, तो मागे राहिला आणि सात महिन्यांच्या आत मारला गेला. मग तिनं त्याला बरोबर का नेलं नाही?

सुरुवातीची काही वर्षं मी हसून वेळ मारून नेली. मग चिडून उत्तरं द्यायला लागले. एकदा एका शांत, सज्जन गृहस्थांना म्हणाले, "तो काय ट्रंक होता का, उचलून बरोबर न्यायला?" ते ओशाळून खाली बसले. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांचं काय चुकलं होतं? म्हणून आता एकदा सविस्तर लिहिते आहे. तुम्ही विचारलंत म्हणून, आणि गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला वेगळ्या ठिकाणी लागतो म्हणूनही.

ज्यांनी अभिवाचन ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्गारिता शिर्गूचा जन्म १८ जून १८८८चा, बार्सिलोनाजवळच्या मोलिन्स दे रेई या गावातला. कामगाराच्या घरातली मुलगी, कामगारांच्याच हौशी रंगमंचावर तयार झालेली. १९०६पासून व्यावसायिक रंगभूमीवर, आधी कातालान भाषेत, १९१४नंतर स्पॅनिशमध्ये. मधल्या काळात काही मूकपट केले, पण तिचं खरं घर रंगमंचच. फेदेरिको गार्सिया लोर्का तेव्हा नाटककार म्हणून कुणाला नको होता. त्याचं 'मारियाना पिनेदा' तिनं हातात घेतलं आणि २४ जून १९२७ला बार्सिलोनाच्या गोया थिएटरात उभं केलं. नेपथ्य चित्रकार साल्वादोर दालीचं. पुढे त्याची नाटकं तीच करत गेली. 'येर्मा' २९ डिसेंबर १९३४ला माद्रिदच्या तेआत्रो एस्पान्योलमध्ये पहिल्यांदा झालं, त्यातली येर्मा तीच. 'येर्मा' म्हणजे मूल व्हावं म्हणून झुरणाऱ्या बाईची गोष्ट. आपल्याकडे तेच 'चांगुणा' होऊन आलं, जयदेव हट्टंगडींच्या दिग्दर्शनात, आणि रोहिणी हट्टंगडींनी ती बाई उभी केली. ज्यांनी तो प्रयोग पाहिला त्यांना येर्मा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता उत्तर. आधी माझं नेहमीचं देते, तारखांचं.

१९३६च्या जानेवारीच्या अखेरीस मार्गारिता कंपनी घेऊन उत्तरेकडच्या सांतान्देर बंदरातून क्यूबाला निघाली. निघण्याआधी बिल्बाओत लोर्का तिला भेटला, ती त्यांची शेवटची भेट. हा दौरा होता, पळून जाणं नव्हतं. नटांचं सामान, नाटकांचे पोशाख, परतीचा हिशेब, सगळं ठरलेलं. बादालोनात तिचं घर होतं, ते काही तिनं विकलं नव्हतं. १६ फेब्रुवारीला स्पेनमध्ये निवडणूक झाली आणि लोर्का ज्यांच्या बाजूचा होता ते, डाव्यांची आघाडी, जिंकले. म्हणजे ती निघाल्यावर पंधरवड्यात त्याच्यासाठी देश आधीपेक्षा बरा झाल्यासारखा दिसत होता. दौरा क्यूबाहून पुढे मेक्सिकोला जाणार होता; तो मागाहून तिथे येणार, असं ठरलेलं होतं. तिकडे त्याची वाट बघत होते. तो आला नाही. १९ जूनला त्यानं 'बेर्नार्दा आल्बाचं घर' लिहून पूर्ण केलं. १३ जुलैच्या रात्री तो माद्रिदहून आगगाडीत बसला आणि उलट दिशेला, ग्रानादाला, आईवडिलांकडे गेला. १७ जुलैला लष्कराचं बंड सुरू झालं. २० तारखेला ग्रानादा बंडखोरांच्या हातात. १६ ऑगस्टला सकाळी त्याच्या मेहुण्याला, ग्रानादाच्या महापौराला, गोळ्या घातल्या, आणि त्याच दिवशी लोर्काला पकडलं. दोन-तीन दिवसांत विस्नार आणि आल्फाकार या गावांच्या मधे कुठेतरी त्याला मारलं. तिथे एक झरा आहे. अरबांच्या काळात त्याचं नाव अश्रूंचा झरा असं होतं. मृतदेह आजतागायत सापडलेला नाही.

आता सांगा, यात तिनं नक्की कोणत्या दिवशी त्याचा हात धरून ओढायला हवं होतं? जानेवारीत, जेव्हा कुणालाच काही दिसत नव्हतं? की जुलैत, जेव्हा ती समुद्रापलीकडे होती?

हे उत्तर खरं आहे. यातली एकही तारीख मी वाकवलेली नाही. आणि तरी ते पुरं पडत नाही, हे मला माहीत आहे, कारण एका प्रयोगाला एका कॉलेजच्या मुलीनं मला तिथेच अडवलं. म्हणाली, "मॅडम, तुम्हीच तर मघाशी सांगितलंत की 'येर्मा'च्या पहिल्या प्रयोगात गोंधळ झाला." बरोबर होतं तिचं. २९ डिसेंबर १९३४ला पडदा वर गेला तेव्हा वरच्या सज्ज्यातून मार्गारिताच्या नावानं शिव्या आल्या. तिचा मित्र आसान्या, आधी पंतप्रधान असलेला, आदल्याच दिवशी तुरुंगातून सुटला होता, आणि त्याच्याशी असलेली मैत्री तिनं कधी लपवली नव्हती. त्याच्याआधी १९३१मध्ये एका नाटकात तिनं हातात बंदूक घेतलेली कुमारी मेरी केली, तेव्हा प्रेक्षक रंगमंचावर चालून यायच्या बेतात होते. म्हणजे हा द्वेष किती खोल आहे ते तिनं अगदी जवळून पाहिलं होतं. 'कुणालाच काही दिसत नव्हतं' हे माझं वाक्य तिच्या बाबतीत पूर्ण खरं नाही. त्या मुलीला मी तेव्हा म्हणाले, "दिसणं वेगळं आणि तारीख माहीत असणं वेगळं." टाळ्या पडल्या. उत्तर मात्र झालं नाही.

मला राग कशाचा येतो तेही सांगते. ऐंशी वर्षांचं आयुष्य या बाईचं. १९१० साली बार्सिलोनात ऑस्कर वाइल्डच्या नाटकातली सालोमे करून तिनं सभ्य लोकांची झोप उडवली. १८ जून १९३३ला, तिच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवशी, मेरिदाच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन नाट्यगृहात, नुकत्याच उकरून काढलेल्या दगडांवर, उघड्या आभाळाखाली, तिनं सेनेकाची मेडिया केली. भाषांतर स्पॅनिश लेखक उनामुनोचं. आजही दर उन्हाळ्यात त्या जागी नाट्यमहोत्सव होतो, त्याची सुरुवात त्या रात्रीपासून मोजतात. मला कुणी कधी विचारलेलं नाही की माइक नसताना तो आवाज शेवटच्या पायरीपर्यंत कसा पोचवला असेल. यादवी युद्ध जिंकून हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या लोकांनी तिची मालमत्ता जप्त केली, देशात पाय ठेवायला कायमची बंदी केली. १९४९मध्ये परत जायचा विचार तिच्या मनात आला, तर तिकडच्या वर्तमानपत्रातून असं विष ओकलं गेलं की तिनं तो सोडून दिला. त्याच वर्षी उरुग्वेत, माँतेविदेओला, नाट्यशाळेची सूत्रं हातात घेतली आणि एक पिढी घडवली. चीना सोरिया, एस्तेला मेदिना, ही त्या देशाची मोठी नावं तिच्या हाताखालची. ती शाळा आज तिच्याच नावानं चालते. १९६७मध्ये, ऐंशीला टेकलेली असताना, अमेरिकेतल्या एका मुलींच्या कॉलेजात जाऊन तिनं 'येर्मा' बसवून दिलं. २५ एप्रिल १९६९ला माँतेविदेओतच गेली. घरी परतली ती १९८८मध्ये, अस्थिरूपानं.

हे सगळं मी दीड तास सांगते. आणि मग हात वर होतो तो एकाच बोटीसाठी. जणू तिला आयुष्यभर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं होतं, तेही दुसऱ्यांनी केलेल्या खुनासाठी. ज्यांनी त्याला मारलं त्यांच्याबद्दल मला कुणी प्रश्न विचारत नाही. 'त्यांनी का मारलं' हे विचारायचं सुचत नाही, 'तिनं का वाचवलं नाही' हे मात्र लगेच सुचतं. बाई असली की असंच होतं का? मला वाटतं होतं. आमच्या घरात एका काकांचा अपघात झाला तेव्हाही सगळे काकूलाच विचारत होते, तू त्यांना जाऊ का दिलंस.

शिवाय परत गेलेल्यांचं काय झालं तेही बघा. तिच्या कंपनीचा दिग्दर्शक रिवास चेरीफ, आसान्याचा मेहुणा, युद्ध सुरू झाल्यावर परतला. पुढे १९४०मध्ये फ्रान्समध्ये नाझींच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोनं, त्याला पकडून फ्रँकोच्या हवाली केलं. फाशीची शिक्षा झाली, ती माफ होऊन वर्षानुवर्षं तुरुंग. तिथेही त्यानं कैद्यांना घेऊन नाटकं बसवली. मार्गारिता परतली असती तर 'बेर्नार्दा आल्बाचं घर' ८ मार्च १९४५ला ब्वेनोस आयरेसच्या आवेनिदा थिएटरात तिनं जगासमोर आणलं असतं का? नाटक लिहून पडलेलं, लेखक मेलेला, देशात बंदी. नऊ वर्षांनी तिनं ते उभं केलं आणि स्वतः बेर्नार्दा झाली. वाचवणं म्हणजे काय काय असतं, याचाही कधी विचार करा.

इथपर्यंत मी ताठ मानेनं बोलते. आता पुढचं.

या अभिवाचनाची पहिली संहिता मी २०१२मध्ये लिहिली तेव्हा तिच्यात एक प्रवेश होता. म्हातारी मार्गारिता माँतेविदेओच्या एका खोलीत, समोर रिकामी खुर्ची, आणि ती लोर्काची क्षमा मागते. मी तुला ओढून न्यायला हवं होतं, म्हणते. म्हणजे तुमचा प्रश्न सगळ्यात आधी मीच विचारला होता, आणि उत्तरही तिच्याच तोंडी घालून मोकळी झाले होते. मला तो प्रवेश फार आवडायचा. वाचताना रडू यायचं.

आमच्या दिग्दर्शकानं तो काढला. त्याचं नाव लिहीत नाही, जे आम्हाला ओळखतात त्यांना माहीत आहे. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहून त्यानं जन्मभर हौशी रंगभूमी केली. डालड्याच्या डब्यांचे स्पॉट आणि मिठाच्या पाण्याचा डिमर यांवर वाढलेला माणूस. १९९६मध्ये आम्ही 'येर्मा' बसवलं तेही त्याचंच, मी येर्मा. मला स्पॅनिश शिकायची बुद्धी त्या नाटकानं दिली. त्यानं तो क्षमेचा प्रवेश वाचला, पेन्सिलीनं त्यावर तिरकी रेघ मारली आणि समासात लिहिलं : 'हे तुझं आहे. तिचं नाही.' आम्ही दोन दिवस भांडलो. शेवटी मी ऐकलं.

त्याच तालमीत त्यानं मला आणखी एक दाखवलं. 'येर्मा'च्या शेवटी ती नवऱ्याचा गळा दाबते आणि ओरडते : मारलं, मीच मारलं माझं लेकरू. कारण नवरा मेला म्हणजे होऊ शकणारं मूलही मेलं. लोर्काच्या मृत्यूची बातमी दौऱ्यावर असलेल्या मार्गारिताला कळली तेव्हा संध्याकाळी 'येर्मा'चाच प्रयोग होता, आणि त्या शेवटच्या वाक्यात तिनं बदल केला, असं सांगतात. 'मीच मारलं'च्या जागी, 'त्यांनी मारलं'. स्पॅनिशमध्ये तिथे क्रियापदच बदलतं, 'ए मातादो'चं 'आन मातादो' होतं, एका श्वासाचा फरक. मराठीत बघ, तो म्हणाला, 'मारलं' तसंच राहतं. मारणारी मी असो, ते असोत, लेकरू मेलं की 'मारलं'च. आपलं क्रियापद मारणाऱ्याकडे बघतच नाही, मेलेल्याकडे तोंड करून उभं राहतं. म्हणून तू ही ओळ दोनदा म्हण. आधी लिहिली आहे तशी, मग थांब, मग ती म्हणाली तशी. 'मारलं'वर जोर देऊ नकोस, ते हलत नाही. हलतो तो आधीचा शब्द.

इतकी वर्षं मी तसंच करत आले.

२०२१च्या फेब्रुवारीत मी त्याला फोनवर म्हणाले, कोरोनाचे आकडे परत वाढतायत, तू पुण्याला ये काही महिने. इथे मोठी इस्पितळं आहेत, काही लागलं तर धावपळ करता येईल. तो म्हणाला, मुलांचं उन्हाळी शिबिर आहे मेमध्ये, त्याचं बसवायचंय, ते झालं की बघू. मी म्हणाले बरं. एप्रिलमध्ये त्याला ताप आला. खाट मिळायला दोन दिवस गेले. मी इथून फोनवर फोन करत होते, यादीतला एकेक नंबर लावत होते, प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर. आठव्या दिवशी पहाटे त्याच्या बहिणीचा फोन आला.

त्यानंतर दीड वर्ष मी अभिवाचन केलं नाही. मग त्याच्याच विद्यार्थ्यांनी त्याच्याच गावात प्रयोग ठेवला. नोव्हेंबर २०२२. वाचनालयाचा वरचा हॉल, लोखंडी खुर्च्या, बाहेर पाऊस नसताना पावसाळी हवा. मुलांनी त्याच्या हातचे ते डब्यांचे दोन स्पॉट पुसूनपासून लावले होते. मी आत आले तर पहिल्या रांगेत ताई. त्याची मोठी बहीण. पंचाहत्तरीची बाई, पांढरी साडी, मांडीवर पिशवी. १९९६च्या तालमींना आमच्यासाठी रोज पोह्यांचं पातेलं पाठवणारी.

मी वाचत गेले. दाली झाला, माद्रिद झालं, मेरिदा झालं. त्या ओळीपाशी आले. पहिल्यांदा म्हणाले, मारलं, मीच मारलं माझं लेकरू. थांबले. सवयीनं तीन मोजले. आणि दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं तर 'मारलं' बाहेर आलं आणि पुढचा शब्द येईना. 'त्यांनी' म्हणायचं होतं. कोण त्यांनी? ताईंच्या समोर मी कुणाकडे बोट दाखवणार होते? तापाकडे? खाटांच्या यादीकडे? आणि 'मीच' म्हणायचीही माझी हिंमत नव्हती. मी नुसतं म्हणाले, "मारलं... मारलं माझं लेकरू." आणि पान उलटलं. मुलांना वाटलं मॅडमनी नवीन काहीतरी केलं. नंतर दोघं येऊन म्हणाली, फार भारी केलंत ते.

दिवे लागले. आभार झाले. मी मागच्या रांगांकडे बघत होते, प्रश्न नेहमी तिकडून येतो. ताईंनी पहिल्या रांगेत हात वर केला. उठल्या नाहीत, बसूनच विचारलं.

"मग त्या बाईनं त्याला बरोबर का नेलं नाही गं?"

हॉलमधल्या निम्म्या लोकांना काहीच जाणवलं नसेल. नेहमीचाच प्रश्न. उरलेल्या निम्म्यांनी श्वास धरला होता. माझ्याकडे तेव्हा पाच-सहा सेकंद होते. त्यात मी खाली उतरून ताईंच्या शेजारी बसू शकले असते. मला माहीत नाही असं म्हणू शकले असते.

मी तारखा दिल्या. सगळ्या, ओळीनं. जानेवारीची अखेर, सोळा फेब्रुवारी, एकोणीस जून, तेरा जुलै. स्वच्छ, खणखणीत आवाजात. कोर्टात वकील देतो तशा. शेवटी म्हणाले, "म्हणजे ताई, तिनं बोलावलं होतं. तोच आला नाही."

ताई म्हणाल्या, "बरं." आणि पिशवीचे बंद सारखे करायला लागल्या.

रात्री त्यांच्याकडेच उतरले होते. जेवताना कुणी काही बोललं नाही. भाकरी वाढताना ताई मधेच म्हणाल्या, "त्यानं मला विचारलं होतं फेब्रुवारीत. तुझा फोन झाल्यावर."

"काय विचारलं?"

"म्हणाला, ती मनापासून बोलावतेय का गं?"

मला घास गिळता येईना. ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही, तव्याकडे बघत म्हणाल्या, "आणि मी काय सांगितलं? सांगितलं, मला काय माहीत, तूच ठरव."

म्हणजे हॉलमध्ये त्यांनी तो प्रश्न नक्की कुणाला विचारला होता, मला आजही ठरवता येत नाही. मला? की स्वतःला, आणि उत्तर मिळालं तर माझ्याकडून मिळावं म्हणून? तसं असेल तर मी त्यांना काय दिलं? सोळा फेब्रुवारी.

आता मी माझी बाजू मांडते, कारण मलाही बाजू आहे. आमचं घर दोन खोल्यांचं. सासूबाई तेव्हा चौऱ्याऐंशीच्या होत्या, त्यांना दम्याचा त्रास. बाहेरून कुणी राहायला आणायचं म्हणजे त्यांचा जीव धोक्यात. फेब्रुवारीत एप्रिल कुणाला दिसत होता? आणि तो चाळीस वर्षं ज्या मुलांसाठी त्या गावात राहिला, ते शिबिर सोडून कुणाच्याही सांगण्यावरून आला असता का? ही सगळी कारणं खरी आहेत. पण मी फोनवर 'ये' म्हणाले तेव्हा माझ्या मनात एक भाग 'नाही म्हण' असं म्हणत होता, हेही खरं आहे. त्यानं शिबिराचं नाव काढल्यावर माझा जो 'बरं' निघाला तो फार पटकन निघाला. त्यानं आयुष्यभर नटांचे आवाज ऐकले होते. त्याला तो कळला नसेल?

आणि म्हणून मार्गारिताकडे मी आता तशी बघू शकत नाही. तो मेक्सिकोला येणार असं ठरलं होतं, हे मी छातीठोकपणे सांगते. पण ठरलं होतं म्हणजे कसं ठरलं होतं? बिल्बाओत निरोप घेताना ती त्याला काय म्हणाली? 'तू येच' म्हणाली, की नटांच्या गडबडीत, सामानाच्या पेट्या मोजताना, 'बघ, जमलं तर ये' म्हणाली? हे कुठल्याही कागदावर नाही. तारखा सगळ्या आहेत, आवाज नाही. मी बारा वर्षं तारखांच्या जोरावर तिची सुटका करत होते, आणि ज्या गोष्टीवर सगळं अवलंबून आहे तीच माझ्या हातात नाही.

२०१२ची मी आता समोर आली तर म्हणेल, बघ, मी लिहिलेला क्षमेचा प्रवेश बरोबर होता, तो परत घाल. मी तिला सांगेन, नाही. तू तो प्रवेश लिहिलास तेव्हा तुझ्या वाट्याला काही आलंच नव्हतं, तुला फक्त एक सुंदर रडणं हवं होतं. ती म्हणेल, आणि आता तुझ्या वाट्याला आलंय, तर आता का नाही घालत? याला माझ्याकडे जवाब नाही. समासातली त्याची पेन्सिल अजून आहे. 'हे तुझं आहे. तिचं नाही.' कधी वाटतं हे वाक्य त्यानं माझ्यासाठी पुढचं लिहून ठेवलं. कधी वाटतं तो फक्त एक लांबलेला प्रवेश कापत होता. दिग्दर्शक कापतातच.

तिनं मात्र त्या रात्री 'त्यांनी' म्हटलं होतं. तिच्याकडे बोट दाखवायला खरे खुनी होते, हातात बंदुका असलेले, आणि ते नाव घेण्याची किंमत तिनं उरलेली तेहेतीस वर्षं देशाबाहेर मोजली. तिच्या 'त्यांनी'ला मी कमी लेखत नाही. उलट तो शब्द तिच्याकडून काढून घेऊन तुम्ही 'मीच' म्हणायला लावता, म्हणून तर मी तुमच्यावर चिडत आले. तिच्या बाजूनं मी आजही चिडेन. पण तिचा शब्द माझ्या तोंडी बसत नाही एवढंच मला त्या हॉलमध्ये कळलं. त्यानंतरच्या प्रत्येक प्रयोगात मी दुसऱ्या वेळी कर्ता गाळूनच म्हणते आहे. अलीकडे त्याबद्दलही विचारायला लागलेत, की मॅडम, पूर्वी तुम्ही 'त्यांनी' म्हणायचात. इतिहासाशी हे प्रामाणिक नाही, असंही एकांनी ऐकवलं. त्यांचं म्हणणं चूक नाही. मार्गारिताच्या नावावर मी तिनं न म्हटलेलं वाक्य म्हणते आहे. कधी वाटतं पुढच्या वेळी 'त्यांनी' परत आणावा, तो तिचा हक्क आहे. घरी तालीम करताना येतो. समोर माणसं असली की येत नाही.

पुढचा प्रयोग सांगलीला आहे, जूनमध्ये. परवा ताईंचा फोन आला होता, गाडीची सोय झाली आहे म्हणाल्या. मी म्हणाले, ताई, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवते तुमच्यासाठी.

"नको," म्हणाल्या. "मी मागं बसेन. मला ऐकू येतं."